राजकन्या मेरीची डबी आणि नगरचा शिपाई

इ. स. १९१४ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांची कन्या मेरी हिच्या नावाने एक सार्वजनिक निधी उघडण्यात आला. राजकन्या तेव्हा १७ वर्षांची होती. येत्या नाताळच्या दिवशी आघाडीवरील प्रत्येक सैनिकाच्या आणि समुद्रावरील प्रत्येक खलाशाच्या हाती देशवासीयांची एक लहानशी भेट पडावी, एवढाच या निधीचा आरंभीचा हेतू होता. वर्गणी मात्र अपेक्षेबाहेर जमली. हिशेबाअंती ती १,६२,५९१ पौंड, १२ शिलिंग व ५ पेन्स इतकी भरली. तेव्हा भेटीस पात्र ठरणाऱ्यांचे वर्तुळ वाढविण्यात आले, आणि १९१४ च्या नाताळच्या दिवशी राजाचा गणवेष अंगावर असलेल्या प्रत्येकास ती द्यावी, असे ठरले. पहिल्या नाताळात ४ लाखांहून अधिक आणि पुढे एकंदर २५ लाखांहून अधिक भेटी वाटल्या गेल्या. वाटपाचे काम युद्ध संपल्यावरही काही काळ चालूच होते.

भेट म्हणजे एक पितळी डबी व तिच्यातील जिन्नस. डबीची लांबी ५ इंच, रुंदी सव्वातीन इंच व उंची सव्वा इंच. झाकण बिजागरीचे. झाकणाच्या मध्यभागी लॉरेलच्या पानांच्या वेढ्यात राजकन्येचा मुखवटा, त्याच्या दोन्ही बाजूंस तिच्या नावाचे आद्याक्षर. वरच्या अंगास ‘इंपेरियम ब्रिटानिकम’, म्हणजे ब्रिटिश साम्राज्य, ही लॅटिन अक्षरे. खालच्या अंगास नाताळ १९१४ असा उल्लेख व त्याच्या दोहों बाजूंस युद्धनौकांचे अग्रभाग. कडेला फ्रान्स व रशिया, आणि चार कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो व सर्बिया या मित्रराष्ट्रांची नावे. रचना नेटकी आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात ही डबी आजही पाहावयास मिळते आणि इंग्लंडात तिचे संग्राहक पुष्कळ आहेत.

तिच्याविषयी इंग्रजीत लिहिलेही पुष्कळ गेले आहे. त्या लिखाणात हिंदी सैनिकाचा उल्लेख बहुधा एकदाच येतो, आणि तोही एखाद्या गमतीदार तपशिलासारखा: हिंदी लोकांच्या डबीत तंबाखूच्या पाइपाऐवजी मसाला होता म्हणे! प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषेचा आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि हा तपशील वाचताना त्यातील शब्दयोजनेने त्याचे लक्ष वेधून घेतले, आणि मग अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, शिपायाच्या बाजूने ती डबी उघडून पाहावी असे वाटले. या लेखातील विवेचन त्या शब्दांपासूनच सुरू होते.

निधीच्या समितीने आतील जिनसांची जी वर्गवारी ठरविली ती अशी. धूम्रपान करणाऱ्या ब्रिटिश सैनिकास एक औंस तंबाखू, २० सिगारेटी, पाइप, चकमकीचा लायटर, नाताळचे कार्ड व राजकन्येचे छायाचित्र. धूम्रपान न करणाऱ्यास आंबट गोळ्यांचे पुडके आणि खाकी वेष्टणातील लेखनसाहित्य, म्हणजे पेन्सिल, कागद व लिफाफे. शिवाय कार्ड व छायाचित्र. परिचारिकांना चॉकलेट. गुरख्यांना ब्रिटिश सैनिकांप्रमाणेच सर्व. शिखांना डबीत खडीसाखर, मसाल्याची एक लहान टिनची डबी व कार्ड. ‘इतर सर्व’ हिंदी सैनिकांना सिगारेटींचे पुडके, खडीसाखर, मसाल्याची डबी व कार्ड. आणि अखेरीस लष्कराबरोबरच्या अधिकृत नोकरचाकरांना, ज्या सर्वांना समितीने ‘भिस्ती’ या एकाच नावाखाली घातले होते, केवळ मसाल्याची डबी व कार्ड. पितळी डबी नाही.

नगरचा शिपाई या यादीत कोठे बसतो? तो मराठा असो, दख्खनी मुसलमान असो, तो ‘इतर सर्व’ या सदरात पडतो. त्याला स्वतःचे नाव नाही. गुरख्याला नाव आहे, शिखाला नाव आहे. उरलेला हिंदुस्थान उरलेला आहे. हे समितीच्या अज्ञानाने घडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. माहिती उपलब्ध होती. हिंदी लष्करासाठी जातवार पुस्तिका तयार करण्याचा सरकारी उद्योग कित्येक वर्षे चालला होता, आणि मराठे व दख्खनी मुसलमान यांवरील मेजर बेथॅम यांची पुस्तिका १९०८ सालीच कलकत्त्यास छापली गेली होती. भरती करताना शिपायाचे कूळ, मुलूख व चालीरीती जाणणारे सरकार भेट देताना त्याला ‘इतर’ म्हणते, याचा अर्थ एवढाच की भरतीच्या वेळचे ज्ञान आणि भेटीच्या वेळची ओळख या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

‘इतर’ या शब्दाची घडण येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील ‘तर’ हा प्रत्यय दोहोंतील भेद दाखविणारा. आपल्या ‘अन्यतर’, ‘कतर’ या संस्कृत रूपांतही तोच. इंग्रजी ‘अदर’ आणि संस्कृत ‘अन्तर’, म्हणजे भिन्न, ही दोन्ही एकाच मूळ रूपापासून आली आहेत, आणि त्यांतही हा प्रत्यय आहे. म्हणजे आपल्या भाषांच्या अगदी जुन्या थरातही ‘इतर’ म्हणण्यासाठी आधी एक ‘हा’ ठरवावा लागतो. समितीपुढील ‘हा’ कोण होता हे निराळे सांगावयास नको. या शब्दाकडे आपणांस लेखाच्या उत्तरार्धात पुन्हा यावे लागणार आहे.

आता भेटीचा विचार. देण्याघेण्याच्या बाबतीत मराठी भाषा मोठी काटेकोर आहे. खालून वर जाते ती नजर किंवा नजराणा. वरून खाली येते ते बक्षीस किंवा इनाम. बरोबरीच्यांत चालतो तो आहेर, आणि त्याची नोंद ठेवून परतफेड करावी लागते. बायका परस्परांना देतात ते वाण. आणि ‘भेट’ या शब्दाचा पहिला अर्थ वस्तू हा नव्हेच; तो समोरासमोर येणे हा आहे. मागाहून त्या प्रसंगी दिलेल्या वस्तूलाही भेट म्हणू लागले. तेव्हा जिच्यात देणारा घेणाऱ्याला दिसत नाही ती खऱ्या अर्थाने भेट होत नाही. इंग्रज संयोजकांना ही अडचण मराठीतून सुचण्याचे कारण नव्हते, पण तिचे उत्तर मात्र त्यांनी शोधले होते: झाकणावर राजकन्येचा मुखवटा आणि आत तिचे छायाचित्र. टॉमीला राजकन्या भेटत होती. हिंदी सैनिकांच्या यादीत, गुरख्यांचा अपवाद सोडल्यास, छायाचित्राचा उल्लेख आढळत नाही. झाकणावरच्या पितळेतील चेहरा तेवढा त्यांच्या वाट्याला आला.

आतील जिनसांना मात्र मराठीत एक अचूक शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘कोरडा शिधा’. शिजविलेले अन्न कोणाच्या हातचे चालते व कोणाच्या हातचे चालत नाही, हा प्रश्न जेथे पडतो तेथे आपल्या समाजाने शिध्याची युक्ती काढली. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ द्यावे. ज्याचे त्याने रांधून खावे. देणाऱ्याला दिल्याचे समाधान व घेणाऱ्याला विटाळ नाही. खडीसाखर व मसाला ही निवड याच जातीची आहे. दोन्ही कोरडे, दोन्ही टिकाऊ, दोन्ही कोणाच्याही हातून कोणीही घ्यावे असे. चॉकलेट परिचारिकांपुरते राहिले आणि हिंदी सैनिकांना मिळाले नाही, यामागेही तीच सावधगिरी असावी असे आमचे अनुमान आहे. इंग्रजांनी दिले ते नाताळचे म्हणून, पण दिले ते हिंदू गृहस्थाने अनोळखी अतिथीला द्यावे तसे. हे समजून दिले असेल तर त्यात एक प्रकारचा आदर आहे, हे मान्य केले पाहिजे. शिखाला तंबाखू वर्ज्य, ही गोष्ट लंडनमध्ये बसून कोणी तरी ध्यानात ठेवली होती.

खडीसाखरेची तर आणखीच एक मौज आहे. तिला इंग्रजीत ‘शुगर कँडी’ म्हणतात. त्यातील ‘शुगर’ हा आपला शर्करा, आणि ‘कँडी’ हा आपला खंड, म्हणजे खांड. दोन्ही शब्द इराण्यांच्या व अरबांच्या तोंडून युरोपात गेले. तेव्हा १९१४ साली शर्करा आणि खांड ही जोडी इंग्रजी नाव धारण करून, पितळी डबीत बसून आपल्याच माणसाकडे परत येत होती. असो.

‘भिस्ती’ या सदराविषयी मात्र मौजेने लिहिता येणार नाही. हा शब्द फारसी ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग यापासून आला. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो स्वर्गीचा पुरुष, असा त्यातील मूळचा गौरव. मराठीत त्याला पखालजी असेही म्हणत. समितीने हा शब्द घेतला आणि आचारी, धोबी, मोतद्दार, झाडूवाला या सर्वांवर तो पांघरला. एका धंद्याचे नाव सर्व धंद्यांना दिले की मग कोणालाच नाव उरत नाही. आणि हे सर्व पितळी डबीस अपात्र ठरले. गोळी लागण्याच्या बाबतीत मात्र ते अपात्र नव्हते. आघाडीवर पाणी पोचविणारा माणूस खंदकात बसलेल्या शिपायापेक्षा पुष्कळदा अधिक उघड्यावर असतो.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने या सदराला आणखी एक बाजू आहे. या जिल्ह्यातील महार समाजाची लष्करी परंपरा जुनी. पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ सालच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्तापायी महारांची भरती बंद करण्यात आली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने महार समाजाने भारतमंत्र्यांकडे अर्ज करून लष्कराचे दार पुन्हा उघडावे अशी मागणी केली. ती त्या वेळी फळास आली नाही. म्हणजे १९१४ च्या नाताळच्या दिवशी नगर जिल्ह्यातील महार तरुणास पलटणीत शिपाई होणे शक्यच नव्हते. तो लष्कराबरोबर असलाच तर नोकरचाकरांत असणार, आणि भेटीच्या यादीत ‘भिस्ती’ या नावाने असणार. १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ साली, जेव्हा माणसे कमी पडू लागली तेव्हा. आणि युद्धानंतर थोड्याच वर्षांत ती मोडलीही. पितळी डबीची पात्रता १९१४ च्या नाताळास जखडलेली असल्यामुळे या पलटणीला तिचा प्रश्नच उद्भवला नाही. जी डबी कधी आलीच नाही तीही इतिहासाचे साधन होऊ शकते, हे संशोधकाने विसरू नये.

डबीवरच्या अक्षरांकडे वळू. झाकणावर सहा मित्रराष्ट्रांची नावे आहेत. त्यांपैकी माँटेनेग्रो हे राज्य आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढे. हिंदुस्थानचे नाव नाही. ते असण्याचे कारणही नव्हते, कारण हिंदुस्थान मित्र नव्हता. तो ‘इंपेरियम ब्रिटानिकम’ या दोन शब्दांच्या पोटात होता. झाकणावर देवनागरी, मोडी, गुरुमुखी, उर्दू असे एकही अक्षर नाही. आतील कार्डावरील शुभेच्छा राजकन्या मेरी व ‘घरच्या मित्रमंडळीं’कडून आहेत: नाताळ सुखाचा जावो आणि नवे वर्ष विजयाचे येवो. यातील ‘घर’ हा शब्द मराठीत आणताच अडखळतो. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत ‘होम’ म्हणजे विलायत. दुसरे घर त्यांना ठाऊक नव्हते. पारनेरच्या किंवा कर्जतच्या शिपायाचे घर निराळे होते, आणि तेथील मंडळींनी ही शुभेच्छा पाठविलेली नव्हती. त्या वर्षी गावात कसे पीक आले, बैल कोणाकडे ठेवला, हे त्याला सांगणारे कागद दुसरेच.

ते कागद कोठे आहेत, हा खरा प्रश्न आहे. फ्रान्समधील हिंदी सैनिकांच्या पत्रव्यवहारावर सेन्सॉर बसविलेला होता, आणि त्याने काढलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदी सैनिकाच्या मनाविषयी आज जे लिहिले जाते ते बहुतेक या उताऱ्यांवरून. मूळ पत्रे नाहीत, अनुवाद आहेत. आणि त्यांत पंजाब व वायव्येकडील मुलखाचा आवाज मोठा आहे. येथे भेटीच्या यादीतील एक गोष्ट पुन्हा आठवावी. धूम्रपान न करणाऱ्या ब्रिटिश सैनिकाला कागद, पेन्सिल व लिफाफे मिळाले. धूम्रपान न करणाऱ्या शिखाला खडीसाखर मिळाली. हिंदी माणूस लिहील, ही कल्पना यादी करणाऱ्यांच्या मनात आलेली दिसत नाही. पुष्कळांना लिहिता येत नव्हते हे खरेच. पण लिहून देणारे प्रत्येक पलटणीत असत, आणि कागद त्यांनाही लागतच होता.

डबी कोणाला केव्हा मिळावयाची, यासाठीही वर्ग पाडलेले होते. पहिल्या वर्गात आरमार, फ्रान्समधील आघाडीवरचे सैन्य, रुग्णालयातील जखमी, शत्रूच्या हाती सापडलेले बंदी आणि पडलेल्यांच्या विधवा किंवा आईबाप. दुसऱ्या वर्गात ब्रिटिश बेटांबाहेर इतरत्र असलेले ब्रिटिश, वसाहतींतील व हिंदी सैन्य. तिसऱ्यात ब्रिटिश बेटांतील फौजा. मराठी मुलखातील माणसांपैकी पहिल्या वर्गात बसणारे थोडे. खडकीहून गेलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या त्यांत येतात. त्यांत मराठ्यांबरोबर शीख व मुसलमानही होते. या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात फार मोठी हानी सोसली होती, आणि नाताळच्या वेळी त्यांतील उरलेली माणसे फ्रान्सच्या चिखलात होती.

मराठा पलटणींचा मुख्य ओघ मात्र मेसोपोटेमियाकडे गेला. सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडींची नावे पुणे, अहमदनगर व बेळगाव अशी. पुणे ब्रिगेडीत ११७ वी मराठा, बेळगाव ब्रिगेडीत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १७ व्या अहमदनगर ब्रिगेडीत १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ब्रिगेडीचे नाव अहमदनगर म्हणून तीतील माणसे नगरची, असे मात्र कोणी समजू नये. हे छावणीचे नाव आहे. तीत नगरच्या छावणीतून निघालेली ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्री ही गोरी पलटण होती, २२ वी पंजाबी होती, ११९ वी इन्फन्ट्री होती. नगरची माणसे निरनिराळ्या मराठा पलटणींत विखुरलेली होती. पहिल्या तुकड्या ६ नोव्हेंबरला फाओ येथे उतरल्या, २२ नोव्हेंबरला बसरा पडले, ९ डिसेंबरला कुर्ना. अहमदनगर ब्रिगेड येऊन मिळाली ती डिसेंबरात. बसरा हे नाव मराठी घराला नवे नव्हते. बसऱ्याचे मोती नथीत असत, निदान नथीच्या वर्णनात तरी असत. आता त्याच नावाने मुलगा जेथे गेला ते ठिकाण ओळखले जाऊ लागले.

ही सारी माणसे दुसऱ्या वर्गात पडत होती. त्यांच्यासाठी नाताळची भेट ही नाताळ उलटून गेल्यावरची भेट होती, आणि मागाहूनच्या वाटपात नाताळच्या कार्डाऐवजी विजयी नववर्षाची शुभेच्छा देणारे कार्ड घातले जात असे. ज्या विजयाची शुभेच्छा होती त्याचे मेसोपोटेमियात काय झाले हे सर्वश्रुत आहे. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली. नोव्हेंबरात टेसिफॉनपाशी माघार घ्यावी लागली. आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूट अल् अमारा येथे वेढा पडला. पुणे, अहमदनगर व बेळगाव या तिन्ही ब्रिगेडी त्या वेढ्यात होत्या, आणि तिन्ही मराठा पलटणीही.

कूटमधील उपासमारीची हकीकत येथे सांगण्याचे कारण एवढेच की ती शिध्याची हकीकत आहे. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस देण्यात येऊ लागले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा तारेने मागविण्यात आली, आणि तरीही एप्रिलपर्यंत पुष्कळांनी त्यास हात लावला नाही. भाजीपाला नाही, मांस नाही. हिंदी सैनिकांत स्कर्व्हीची साथ पसरली. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, जखमा भरून येईनात. हा रोग केवळ वेढ्यामुळे आला असेही नाही. मेसोपोटेमियातील हिंदी सैनिकाचा शिधाच मुळी कणीक, डाळ व तूप यांवर बेतलेला, आणि ताज्या पदार्थांचा त्यात अभाव. औषधोपचाराची व पुरवठ्याची एकंदर व्यवस्था इतकी ढिसाळ होती की तिच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. शिखाला सिगारेट द्यावयाची नाही हे ज्या साम्राज्याच्या राजधानीत ध्यानात ठेवले जात होते, त्याच साम्राज्याच्या कारभारात मराठ्याला हिरवी भाजी लागते ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही. धर्माचा विचार झाला होता; शरीराचा झाला नव्हता. मसाल्याची डबी मिळाली, पण तो मसाला घालावयाचा कशात?

२९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले. शिपाई व नोकरचाकर मिळून सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. हिंदी बंद्यांपैकी पुष्कळांना रास अल् ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. किती तरी परतले नाहीत.

याच काळात नगर शहरात एक उलटे चित्र होते, ते नोंदवून ठेवण्याजोगे आहे. नगरच्या छावणीतून पलटणी बाहेर पडल्या आणि तेथे हिंदुस्थानभरातून गोळा केलेले जर्मन स्थानबद्ध आणून ठेवण्यात आले. नगरला हे नवीन नव्हते. १९०१ साली बोअर युद्धकैदीही येथेच आणले होते. त्या बोअर युद्धाच्या वेळीही सैनिकांना अशीच एक डबी वाटली होती, राणी व्हिक्टोरियाची चॉकलेटची, १९०० च्या नववर्षानिमित्त. पण ते युद्ध गोऱ्यांनी गोऱ्यांशीच लढावयाचे ठरल्यामुळे हिंदी पलटणींना त्यात लढावयास नेलेच नव्हते. म्हणजे त्या युद्धातून नगरला कैदी आले, डबी आली नाही. १९१४ च्या नाताळला नगरच्या छावणीत जर्मन होते आणि नगर ब्रिगेड बसऱ्याकडे होती. शहरात नाताळ साजरा झाला असणार, कारण १८३१ पासून तेथे अमेरिकन मराठी मिशनचे वास्तव्य होते, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच निघाला होता, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक त्या वेळी तेथेच राहत होते. नाताळ हा शब्द मराठीत इंग्रजांच्याही आधी पोर्तुगिजांकडून आलेला. तेव्हा डबीवर कोरलेल्या सणाला नगरच्या बोलीत शब्द शोधावा लागला नसता. कार्डाचा मराठी अनुवाद करावयाचा मनात आणले असते तर भाषेची अडचण नव्हती, आणि अनुवाद करणारी माणसेही नगरातच बसलेली होती.

आता ‘इतर’ या शब्दाकडे परत यावयाचे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळ उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे शिपायापर्यंत कोरलेली होती. हिंदी पलटणींतील केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. शिपायांची संख्या तेवढी पलटणवार दिली: आणि इतर इतके. नावे कागदोपत्री यादीत होती, दगडावर नव्हती. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्याच जुन्या व्यवहाराची जी चौकशी प्रसिद्ध केली तीत हा भेदभाव मान्य करण्यात आला आहे. युद्धानंतर आपल्याकडील खेड्यापाड्यांत सरकारने ज्या संगमरवरी पाट्या बसविल्या त्यांचाही साचा हाच: या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नाव नाही. १९१४ च्या ऑक्टोबरात लंडनमधील एका टेबलावर खडीसाखरेची वाटणी करताना जो शब्द सहज लिहिला गेला, तोच पंधरा वर्षांनी दगडावर चढला. या दोहोंत कारणपरंपरा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दोन्ही ठिकाणी एकच सवय आहे.

डबीचे पुढे काय झाले याचा विचार करताना धातू विसरून चालत नाही. पितळ हे युद्धोपयोगी, काडतुसांना लागणारे. डब्यांसाठी अमेरिकेतून मागविलेल्या पितळेपैकी ४५ टन माल ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर ७ मे १९१५ रोजी समुद्रात बुडाला. मागाहून काढलेल्या डब्या हलक्या मिश्रधातूच्या, वर मुलामा दिलेल्या आहेत. मराठी घरात पितळेला आणखी एक गती असते. भांडे गळू लागले की ते मोडीत जाते. कासाराकडे वजनावर घालून नवे घेतात. ज्या डब्या या जिल्ह्यात आल्या त्यांपैकी काही अशा रीतीने तपेल्यांत आणि तांब्यांत मिसळून गेल्या असणार. उरल्या असतील त्या लहान वस्तू ठेवण्याच्या सोयीमुळे उरल्या असतील, राजकन्येच्या चेहऱ्यामुळे नव्हे.

म्हणून बोलीच्या पाहणीसाठी जिल्ह्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. एखाद्या घरी अशी डबी दिसली तर तिच्यावरची इंग्रजी अक्षरे आधी वाचून दाखवू नयेत. तिला घरात काय म्हणतात हे प्रथम विचारावे, आणि तो शब्द उच्चारासह लिहून घ्यावा. कोणी आणली, कोठून आणली, हे घरची माणसे ज्या क्रियापदाने सांगतील तेही तसेच टिपावे. ‘मिळाली’, ‘दिली’, ‘आणली’, ‘आली’ यांत फरक आहे. आत आता काय ठेवतात ते पाहावे. मग झाकण उजेडात धरून कडेचा मुलामा गेला आहे का, खाली पिवळे पितळ दिसते की पांढरी धातू, हे तपासावे. पहिल्या वाटपातील की मागाहूनची, याचा काहीसा अंदाज त्यावरून लागतो. आणि ज्याच्याकडून ती आली त्याचे नाव, वडिलांच्या नावासह, पूर्ण लिहून घ्यावे.